आईनं भरून दिलेली बाटली

ओढ्याच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना झाला, तेव्हापासून माझी त्याच्यावर नजर होती. ओढ्याला वास येतो म्हणून आमच्या कळस गावची माणसं कधीची बोंबलत होती, आणि मी बारामतीच्या प्रयोगशाळेत पाणीच तपासते. आयती संधी! ओढ्याकडेच्या सहा विहिरींचं पाणी मी स्वतः भरून आणलं. तुलनेला एक स्वच्छ पाणी हवं, म्हणून माळावरच्या आमच्या विहिरीची बाटली तेवढी आईला भरून ठेवायला सांगितली होती. तीही घेतली.

आमचं काम करायला किचकट, सांगायला सोपं. थोडं पाणी छोट्या बंद कुपीत कोमट करायचं आणि वरच्या हवेत केसाएवढा एक तंतू धरायचा. पाण्यातून उडणारी रसायनं त्याला चिकटतात. मग तो तंतू यंत्रात घातला की एकेक रसायन आपापल्या वेळेला पडद्यावर डोकं वर काढतं. पाणी स्वच्छ असेल तर रेघ सपाट.

सहाही विहिरींच्या रेघा सपाट आल्या. माझं तोंड एवढंसं झालं. मग आमची बाटली लावली, आणि पडद्यावर सुळकेच्या सुळके उभे राहिले. टोल्युइन, झायलीन. रंग पातळ करायच्या थिनरमध्ये असतात ती. मी खुर्चीतून उडालेच.

“सर, कारखान्याचं पाणी आमच्या विहिरीत पोचलं!”

विजयसिंह सरांनी चष्मा वर केला. “मधल्या सहा विहिरी ओलांडून? जा, या वेळी स्वतः भरून आण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी थेट विहिरीवर गेले. एकही बुडबुडा आत राहू न देता बाटली भरली आणि घरीसुद्धा न डोकावता परत फिरले. दुपारी रेघ आली. सपाट.

विहीर एकच आणि पाणी दोन तऱ्हेचं? आईला फोन लावला.

“आई, परवाची बाटली कुठं भरलीस?”

“ड्रमात.”

“विहिरीवर भरायला सांगितलं होतं ना?”

“अगं, विहिरीवर शेवाळ आलंय. तुझ्या सायबानं काय म्हनावं? मी फडक्यानं गाळून निळ्या ड्रमात भरते, त्यातलं दिलं. चांगलं पानी.”

निळा ड्रम मीच आणला होता. उन्हाळ्यात आईच्या डोक्यावरची घागर बघवेना, म्हणून रस्त्याकडेच्या भंगारवाल्याकडून घेतला. आत आधी काय होतं, विचारलंही होतं. “काय न्हाय ताई, धुतलेला हाय,” म्हणाला. मी तीनदा साबणानं घासला, वास गेला, आणि मी खूश. रसायन प्लास्टिकमध्ये मुरतं आणि महिनोन्‌महिने पाण्यात उतरत राहतं, हे मला पाठ होतं. गावात दारोदारी असले ड्रम आहेत, पण लोकांना हे कोण सांगणार? मला तर सांगायचीही गरज नव्हती. माझी मलाच शिसारी आली.

“आई, ते पाणी ओतून दे. आत्ताच्या आत्ता. वहिनी कुठंय?”

रेश्मावहिनीला सातवा लागलाय.

“हितंच हाय की. डाक्टरनं लई पानी प्यायला सांगितलंय तिला. विहिरीचं न्हाय देत मी, ड्रमातलंच देते. रोज आठ-धा तांबे.”

मला बसवेना आणि उभंही राहवेना. शेजारच्या टेबलावरची पोरं बघायला लागली.

“आई, त्या ड्रमात इख हाय!” मी ओरडले.

आई हसली.

“येडी का खुळी तू? तू आनलेला हाय त्यो. तुझ्या हातनं आलेल्यात इख कसं आसंल?” आणि फोनपासून तोंड वळवून म्हणाली, “रेश्मे, पी गं तू. सोनल थट्टा करतीया.”

मी “नको, नको” म्हणेपर्यंत तिनं फोन ठेवून दिला होता.