फोर्कमधली जागा

न जाणणाऱ्याच्या हातून घडलेल्या चुकीला क्षमा सहज मिळते. परंतु ज्याने वस्तू स्वतः मोजली, सत्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि तरीही आपला जुना शब्द खाली पडू नये म्हणून ते झाकून ठेवले, त्याच्या अपराधाला कोणत्या तागडीत घालावे हे मला या वयातही उमगलेले नाही. असा एक अपराध सायकल दुरुस्तीच्या एका दुकानात, एका सज्जन मनुष्याच्या हातून घडला. तो सज्जन होता हे आधीच सांगून ठेवतो. एरवी ही गोष्ट फार सोपी होईल.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. शर्यतीच्या सायकली जोडण्यात त्याची हयात गेली होती. टायर अरुंद हवा आणि आतली हवा दगडासारखी कठीण हवी, हा उपदेश तो चाळीस वर्षे करीत आला होता. तेवीस मिलिमीटरहून रुंद टायर कोणी मागितला, की तो चष्म्यावरून पाहत विचारी, "शर्यतीला निघालात की दूध घालायला?" दुकानातले लोक हसत आणि मागणारा निमूटपणे तेवीसचाच टायर घेई.

त्याच्या विधवा बहिणीची मुलगी मात्र हसण्यावारी जाणारी नव्हती. ती त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली होती आणि त्यानेच जोडलेल्या सायकलीवर शर्यती जिंकत आली होती. प्रांताच्या संघात एक जागा होती आणि वयाच्या अटीमुळे तिचे ते अखेरचे वर्ष होते. निवडीच्या शर्यतीचा मार्ग पाहून आली तीच थेट दुकानात शिरली.

"मामा, या वेळी अठ्ठावीसचे घाल ना. अर्धा रस्ता उखडलाय. तेवीसवर नुसती आपटत जाते मी."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं काय गवत उपटलं?"

"तुला कोण काय म्हणतंय? रस्त्याचं बोलतेय मी."

तिने अठ्ठावीसच्या नव्या जोडीचे खोके फळीवर ठेवले आणि ती सरावाला निघून गेली. बदलत्या मताची कुणकुण मिस्त्रीला होतीच. रुंद टायर मऊ ठेवला तर खडबडीत वाटेवर तो अधिक पळतो, असे आता पुष्कळ जण म्हणत होते. सुटीच्या दिवशी ती सायकल दुकानात ठेवून गेली, तेव्हा दुपारी त्याने दुकानाचे दार ओढून घेतले आणि तिच्या सायकलीला ती जोडी चढवली. मग पाण्याच्या टाकीमागच्या उखडलेल्या उतारावर तो सायकलीवर बसला, आणि पायडल न मारता ती जिथे आपोआप थांबली तिथे त्याने खडूची रेघ ओढली. पुन्हा तेवीसचे टायर घालून तेच केले. चार वेळा केले. चारही वेळा रुंद टायर दहा-बारा पावले पुढे गेला होता. पुढचे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये फिरते, त्या फोर्कमधली जागाही त्याने व्हर्निअर मापपट्टीने मोजली. अठ्ठावीसचा टायर घातल्यावरही दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर मोकळे होते. टायर व्यवस्थित बसत होता.

तो बराच वेळ त्या रेघांपाशी उभा राहिला. ज्यांना ज्यांना त्याने हसून परत पाठवले होते, त्यांचे चेहरे त्याला आठवले असतील काय, कोण जाणे. त्याने चपलेने रेघा पुसल्या.

संध्याकाळी भाची आली तेव्हा चाकांवर तेवीसचेच टायर होते. "बसत नाही," तो म्हणाला. "फोर्कला घासतं. मी लावून पाहिलं."

यातले शेवटचे वाक्य तेवढे खरे होते. तिने तपासले नाही. मामाने मोजले म्हणजे मोजले, हा त्या घराचा नियमच होता. तिने सायकल पुसली आणि ती घरी गेली.

निवडीच्या दिवशी शेवटच्या वळणापर्यंत ती दुसरी होती. तिथे खडी पसरलेली होती. कठीण, अरुंद चाक खडीवरून उसळले आणि ती कमरेवर आपटली. मांडीच्या हाडात सळई घालावी लागली. डॉक्टरांनी सांगितले, की चालेल, पण किंचित लंगडेल, शर्यतीचे विसरावे.

रुग्णालयात तिच्या प्रशिक्षकाला राग आवरेना. असल्या रस्त्यावर तेवीसचे टायर कोणी घातले, असे त्याने सर्वांसमोर विचारले. खोलीत तिची आई होती, खाटेच्या पायाशी मिस्त्री उभा होता. मुलीने डोळे न उघडताच उत्तर दिले, "मीच मागितले होते." बहिणीने भावाच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि त्याला बसायला सांगितले. मिस्त्री पाणी प्याला.

आठ महिन्यांनी एका सकाळी ती सायकल हाताने ढकलत दुकानी आली. मामाला त्रास नको म्हणून तिने व्यायामोपचाराच्या वाटेवरच्या दुसऱ्या दुकानात ती दुरुस्त करून घेतली होती, आणि कमरेला दणके बसू नयेत म्हणून तिथल्या कारागिराने आपण होऊन अठ्ठावीसचे टायर घातले होते. तिने भिंतीवरच्या ओळीतून चार नंबरची, म्हणजे चार मिलिमीटर जाडीची किल्ली उचलली, आणि टायर व फोर्क यांच्यामधून ती अलगद या टोकाकडून त्या टोकाकडे नेली. किल्ली कुठेच अडली नाही.

"तेव्हा रिम वेगळी होती," मिस्त्री म्हणाला.

"चाकं तीच आहेत, मामा. तूच बांधलीस."

तो हातातले फडके घडी करू लागला. घडी झाली, ती त्याने उलगडली आणि पुन्हा घातली. रुग्णालयात आपण त्याच्यासाठी काय बोललो होतो, याची आठवणही तिने त्याला करून दिली नाही. तिने किल्ली होती तिथे अडकवली.

"आईला सांगणार नाही मी. पण यापुढे सायकल तुझ्याकडे आणणार नाही."

पायरी उतरताना तिला सायकल उचलणे जड गेले. तो मदतीला पुढे झाला. "राहू दे," ती म्हणाली, आणि एकेक पाय जपून टाकत उतरली.

ती रस्त्याच्या टोकाशी पोहोचली असेल, तेव्हा एक शिक्षक आपली सायकल घेऊन आले आणि टायर कोणता घालावा असे विचारू लागले. मिस्त्री त्यांच्या खांद्यावरून लांब पाहत होता. "अठ्ठावीस," तो म्हणाला. शिक्षकांना नीट ऐकू आले नसावे, त्यांनी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा सांगितले, थोडे मोठ्याने. तोवर ती वळण घेऊन दिसेनाशी झाली होती.

त्या मुलीच्या वाटेवरची खडी कोणी कनवाळू हात दूर करो. आणि त्या वृद्धाला त्याच मुलीसमोर उभे राहून सारे सांगण्याइतके आयुष्य आणि तेवढे बळ लाभो.