कबरीवरचं उचलायचं नसतं

पणजोबांच्या कबरीवर तो झेंडा पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी सरळ वाकले आणि उपटायला हात घातला. लाल कापड, त्यावर निळी फुली, फुलीत पांढरे तारे. आमच्या साउथ कॅरोलिनात तो ट्रकच्या काचेवर दिसतो, टोप्यांवर दिसतो, लोकांच्या अंगणात दिसतो, आणि आम्ही तोंड फिरवून पुढे जातो. पण सायलस गॅडसनच्या उशाशी? दीडशे वर्षांपूर्वीच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या ज्या फौजेचा हा झेंडा होता, ती फौज त्याला जन्मभर गुलाम ठेवायला लढली होती. माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात मागून लुव्हीनियाआत्याने माझ्या मनगटावर काठी हाणली.

"ठेव," ती म्हणाली. "कबरीवरचं उचलायचं नसतं."

आमच्यात माणूस गेला की त्याच्या हातातली रोजची वस्तू कबरीवर ठेवतात. कप, चष्मा, औषधाची बाटली, बंद पडलेलं घड्याळ. सायलसच्या कबरीवर निळ्या काठाचा वाडगा आहे, बुडाला भोक पडलेला. त्यातून तो ताक प्यायचा. एकदा ठेवली की ती वस्तू मेलेल्याची. कोणी उचलली, तर तो ती मागायला घरी येतो. तुम्ही खुशाल हसा. माझ्या रूफसकाकाने एकदा एका कबरीवरचा कंदील घरी आणला होता. महिनाभर त्याच्या स्वयंपाकघरातली भांडी आपोआप पडत होती, आणि शेवटी भर दुपारी लोकांच्या देखत तो कंदील छातीशी धरून धावत परत ठेवायला गेला. मी एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली आहे, भुताखेतांना मी घाबरत नाही. आत्याला घाबरते. नव्वदीची आत्या म्हणजे सायलसला डोळ्यांनी पाहिलेलं आमच्या घरातलं शेवटचं माणूस. तो गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. मी हात मागे घेतला आणि तो झेंडा तिथेच राहिला.

तो खोचला होता ड्वेन हॅस्केलने. हॅस्केलचं गावात खिळे-हातोड्यांचं मोठं दुकान आहे आणि त्या फौजेतल्या सैनिकांच्या वंशजांचं एक मंडळ आहे, त्याचा तो अध्यक्ष. दर मे महिन्यात ही मंडळी त्या फौजेसारख्या करड्या कोटात यायची, विटलेला झेंडा काढून न्यायची आणि नवा खोचून जायची. आत्याला त्यात गंमत वाटायची.

"नेऊ देत," ती म्हणायची. "सायलस जाईल त्यांच्याकडे मागायला. जिवंतपणी त्यांनी त्याला कधी पुढच्या दाराने घेतला नाही. आता बघतील कसं अडवतात ते."

मला गंमत वाटत नव्हती. मी दुकानात जाऊन हॅस्केलला विचारलं. माणूस वाईट म्हणता येणार नाही, तेच तर अवघड होतं. त्याची तिन्ही मुलं माझ्या बसमधून शाळेत गेली. त्याने मला खुर्ची दिली, गोड चहाचा गार पेला दिला, आणि फाइलमधून एक कागद काढून अगदी प्रेमाने समोर ठेवला. राज्याने म्हाताऱ्या सायलसला मंजूर केलेल्या पेन्शनचा तो कागद होता. लढाईत चार वर्षं सेवा, असं त्यावर लिहिलेलं. म्हणजे तुमचे पणजोबा आमचे सैनिक, अर्नेस्टीनबाई, हॅस्केल म्हणाला. तुम्हाला अभिमान वाटायला हवा. हा झेंडा कोणाच्या द्वेषाचा नाही, आपल्या सगळ्यांच्या वाडवडिलांचा आहे.

मी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. हुद्द्याच्या रकान्यात 'स्वयंपाकी' लिहिलं होतं. कोणाकडे चाकरी, या रकान्यात मालकाच्या मुलाचं नाव होतं. सोळा वर्षांच्या सायलसला मालकाच्या पोराने सामानासारखं बरोबर नेलं होतं, त्याची कॉफी भाजायला, दळायला आणि उकळायला. परत आल्यावर पुढची सहासष्ट वर्षं सायलसने कॉफीचा घोट घेतला नाही. वास आला तरी उठून अंगणात जायचा, आत्याने पाहिलं आहे. हे सगळं मी हॅस्केलला सांगितलं. त्याने मान डोलावत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण गेले होते ना बरोबर? पळून तर नाही ना गेले?"

त्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. चहा मात्र तसाच ठेवून आले.

या वर्षी मार्चमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. सायलसच्या कबरीवर मंडळ संगमरवराची पाटी बसवणार, 'सायलस, निष्ठावंत सैनिक' अशी. त्याच्या शेजारी देवदाराच्या काठीवर मोठा झेंडा. बंदुकांची सलामी, भाषण, टीव्हीवाले. पाटीवर आडनावसुद्धा नव्हतं. मालकाच्या वहीत जसा होता तसाच, नुसता सायलस.

मी काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, सभेत गेले. प्रत्येकाला तीन मिनिटं. हॅस्केलकडचे अकरा जण बोलले, आमचे चौदा. एक बाई रडत म्हणाली, माझा खापरपणजोबा अनवाणी लढला, त्याची आठवणही आता गुन्हा झाली का. तिचं रडणं खोटं नव्हतं. मी माझ्या तीन मिनिटांत म्हणाले, तुमच्या खापरपणजोबाच्या कबरीवर हवे तेवढे झेंडे लावा, मी एक शब्द बोलणार नाही. माझ्या पणजोबाला का मध्ये ओढता? तुमच्या बाजूने साक्ष द्यायला तुम्हाला एक काळा माणूस हवा आहे, आणि जिवंतांतला कोणी मिळत नाही, म्हणून मेलेला उचललात. सभागृहात गलका झाला. सभेच्या अध्यक्षांनी टेबल आपटलं आणि निकाल दिला, की दफनभूमी खासगी आहे, तिथल्या समितीने परवानगी दिलेली आहे, काउंटीचा यात संबंध नाही.

समिती म्हणजे माझा चुलतभाऊ क्लीव्हन. आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे कारभार बघणारा. त्याने सही केली होती. मी त्याला चर्चच्या पायरीवर गाठलं.

"त्यांनी कुंपण नवं करून दिलं," क्लीव्हन म्हणाला. "गवत कापायचं यंत्र दिलं. टीनी, सात वर्षं त्या दफनभूमीतलं गवत मी एकट्याने विळ्याने कापतोय. तुम्ही सगळे वर्षातून एकदा फुलं घेऊन येता आणि घरी जाता."

हे खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. कुंपणासाठी पणजोबा विकलास, असं बोलून गेले. विकणं हा शब्द आमच्या घरात कोणी कोणाला लावत नाही. क्लीव्हनचा चेहरा पडला. तो आत गेला आणि रविवारी त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

एप्रिलमध्ये माझी मोठी बहीण डेल्फीन गेली. दफन झाल्यावर तिचा पिवळा कप मी कबरीवर ठेवायला घेतला. तोच कप रोज सकाळी तिच्या हातात असायचा. आत्या घडीच्या खुर्चीवर बसली होती. तिने हात पुढे केला, कप मांडीवर उपडा ठेवला आणि माझ्या गाडीतल्या हत्यारांच्या पेटीतली हातोडी मागून घेऊन बुडावर एक नेमका ठोका दिला. टवका उडाला. मग तिने तो कप मला परत दिला.

"अख्खं ठेवू नये," ती म्हणाली. "अख्खं ठेवलं तर घरातलं दुसरं कोणीतरी मागोमाग जातं. फोडलं की ती साखळी तिथे तुटते."

हे मी लहानपणापासून पाहत आले होते. आमच्या दफनभूमीत एक धड कप सापडणार नाही. पण हात करत असतात त्याकडे डोकं कुठे बघतं? त्या दिवशी कप ठेवता ठेवता मी सायलसच्या कबरीकडे पाहिलं. हातोडी पेटीत परत ठेवली नाही, पर्समध्ये टाकली. हॅस्केलच्याच दुकानातली आहे, पकड फार चांगली आहे.

मे महिन्यातला तो शनिवार उजाडला. करड्या कोटातले वीस-बावीस जण, त्यांच्या बायका लांब झग्यांत, दोन कॅमेरे, एक पोलीस. आमच्याकडचे चाळीस तरी होते, चर्चच्या कपड्यांत. क्लीव्हन नव्या कुंपणापाशी खाली मान घालून उभा होता. पाटीवरची चादर काढली. झेंडा रोवला. बंदुका झाडल्या तेव्हा आत्या दचकली नाही, तिने फक्त नाक मुरडलं. हॅस्केलने भाषण केलं. त्यात निष्ठा हा शब्द नऊ वेळा आला, मी मोजला. शेवटी तो म्हणाला, की कुटुंबातल्या कोणाला दोन शब्द बोलायचे असतील तर स्वागत आहे. त्याला वाटलं असेल, मी परत भांडेन आणि टीव्हीवर वाईट दिसेन.

मी पुढे गेले. माइक त्याच्याच हातात होता.

"हॅस्केलसाहेब, ही पाटी आणि हा झेंडा तुम्ही कोणाला दिलात?"

"तुमच्या पणजोबांना, अर्नेस्टीनबाई."

"म्हणजे आता हे त्यांचं?"

"त्यांचंच."

"तुमच्या मंडळाचं नाही? उद्या म्हणाल आमचं आहे."

"अहो, नाही." तो कॅमेऱ्याकडे वळून हसला. "कायमचं त्यांना दिलं."

मी आत्याकडे वळले. पर्स दोन्ही हातांनी धरली होती. ती नाही म्हणाली असती तर मी गप्प घरी गेले असते, आणि तो झेंडा माझ्या मरणापर्यंत तिथे फडफडला असता.

"आत्या," मी म्हणाले, "हे सगळं आता सायलसचं झालं. असंच ठेवायचं का?"

आत्याने आधी झेंड्याकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे. तिच्या तोंडात चारच दात उरलेत, ते चारही दिसले.

"असंच?" ती म्हणाली. "आपल्यात अख्खं ठेवतं का कोणी?"

मी झेंडा उपटला नाही. जागच्या जागी काठी गुडघ्याने रेटली आणि मध्ये मोडली. कापड दोन्ही हातांनी फाडलं, त्या निळ्या फुलीच्या बरोबर मधून. नवं कापड होतं, सहज फाटेना, शेवटी दात लावला. मग हातोडी काढली आणि पाटीवर घाव घातला, 'निष्ठावंत' आणि 'सैनिक' यांच्या मध्ये. तिसऱ्या घावाला तडा गेला, चौथ्याला दोन तुकडे झाले. फाटलेलं कापड मी निळ्या वाडग्याच्या शेजारी नीट अंथरलं. कशालाही कबरीवरून हलवलं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

करड्या कोटांत आरडाओरडा सुरू झाला. पोलीस पुढे आला. तरुण होता, माझ्याच बसमधला, त्यामुळे आधी टोपी काढली. मालमत्तेची नासधूस झाली आहे, समितीचं काय म्हणणं आहे, असं त्याने विचारलं. सगळे क्लीव्हनकडे बघायला लागले. त्याने कुंपणावरचा हात काढला.

"नासधूस कसली?" क्लीव्हन म्हणाला. "कबरीवरची वस्तू फोडून ठेवायची इथली रीत आहे. ती बघा माझ्या आईची किटली. त्या कडेला मामाची बशी. एक अख्खी वस्तू दाखवा मला इथे."

पोलिसाने सगळीकडे पाहिलं. टवके उडालेले कप, तडकलेल्या काचा, भोकं पाडलेली पातेली, सगळीकडे तेच. त्याने टोपी परत घातली.

हॅस्केलचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते बघून मला वाईट वाटलं, पण परत करायची वेळ आली असती तर मी परत तेच केलं असतं. तो गुडघ्यावर बसला आणि त्या फाटलेल्या कापडाकडे हात नेला.

"हे तरी घरी नेतो," तो म्हणाला.

"ठेव, पोरा," लुव्हीनियाआत्या म्हणाली. ती अगदी मायेने बोलली. "कबरीवरचं उचलायचं नसतं. तो मागायला येतो."

हॅस्केलचा हात तिथेच थांबला. एवढी वर्षं विटलेले झेंडे घरी नेणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा आत्याकडे, आणि हात मागे घेतला.

झेंडा अजून तिथेच आहे, दोन तुकड्यांत, पाटीही. पुढच्या मेमध्ये ते नवा घेऊन येतील, असं गावात बोलतात. येऊ देत. हातोडी माझ्या पर्समध्येच आहे.