नागुबाईचा निळा ड्रम

नागुबाईच्या न्हाणीत पाणी कधी संपलं नाही, आणि त्याचा बाईला काय तोरा! लातुरात नळ येतो तो त्याच्या मर्जीनं. टंचाईच्या साली शहरात रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरीसाठी रांगेत भांडलेली बाई ती. तेव्हापासून घरात रिकामं भांडं दिसलं की ती ते भरूनच ठेवायची. न्हाणीत बादल्या, पातेली आणि खिडकीच्या भिंतीला चिकटून उभा निळा ड्रम. त्याच्यावर घागरींची उतरंड. खिडकी त्यामागं कधीच गडप झाली होती.

दिवाळीपासून तीन वर्षांचा नातू आदर्श खोकत होता. आंघोळ आजीच्याच हातची पाहिजे म्हणून रोज हट्ट, आणि आंघोळ झाली की खोकला आणखी जोरात. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठं ओल, बुरशी आहे का?" सून विशाखानं घरी येऊन न्हाणीत बॅटरी मारली, तर कोपरे काळेकुट्ट.

"आत्या, ही बुरशी निघेस्तोवर आदर्शची आंघोळ अंगणात. अन् घालीन मी."

हे मात्र नागुबाईला झोंबलं. नातवाची आंघोळ म्हणजे तिचा जीव की प्राण. "माझ्याकडून लेकरू काढून घेती का ही बुरशी? दावतेच तिला!" तिनं पदर खोचला. एका हातात ब्लिचिंग पावडर, दुसऱ्या हातात संडासाचं अ‍ॅसिड. दोन्ही एका बादलीत टाकलं की काम डबल, असा तिचा सरळ हिशोब. वास लेकरांकडं जाऊ नये म्हणून दारही लावायला निघाली.

विशाखानं धावत येऊन तिचा हात धरला. "थांबा! हे दोन्ही एकत्र केलं की विषारी वायू निघतो. छाती जाळून टाकंल तुमची!"

"अगं बया! मंग काय करू?"

"साबणाचं पाणी अन् ब्रश."

"एवढ्यानं व्हतंय व्हय?"

आदर्श आणि त्याची तान्ही बहीण शेजारच्या बानोकडं गेली. सासूसुनेनं तोंडाला मास्क लावले, हातमोजे चढवले, भिंत ओली करून घासली. काळं निघालंही. पण खिडकी उघडायची तर ड्रम आडवा.

"हा हलवावा लागंल, आत्या. मागं वारं नाही का ऊन नाही. कितीबी घासा, परत येणार."

"ड्रमला हात लावायचा न्हाई!" नागुबाई कडाडली.

विशाखानं ब्रश बादलीत टाकला. तेवढ्यात भिंतीपलीकडून आदर्शचा खोकला आला. एकदा, मग थांबून पुन्हा. नागुबाई ड्रमकडं बघत राहिली.

"बानो!" तिनं अंगणातून हाक मारली. "तुझ्या नव्या भिंतीला पाणी मारायचं हाय ना? बादल्या घेऊन ये."

बानो दारात येऊन थबकली. "मावशी, तुम्ही पाणी देताव? तब्येत बरी हाय ना?"

"दात काढू नको. घे म्हणलं की घ्यावं!"

ड्रम रिकामा झाला, बाजूला सरकला. मागची भिंत खालपासून काळी होती, अगदी आदर्शच्या पाटाशेजारी. नागुबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मीच गं त्याला रोज हितं बसवत होते."

"तुम्हाला काय माहीत, आत्या. चला, घासू."

दोघींनी ती भिंत घासून काढली, पुसून कोरडी केली. खिडकी सताड उघडली तर समोरचा लिंब दिसला. तो तिथं आहे हे नागुबाई विसरलीच होती. ड्रम झाकण लावून अंगणात गेला.

न्हाणी चांगली सुकली, आदर्शचा खोकला हळूहळू निवला, आणि एका सकाळी तो पुन्हा पाटावर आजीपुढं बसला. डोक्याला साबण, खिडकीतून ऊन, आणि तोंडानं नुसता आरडाओरडा. खोकल्याचं नाव नाही. तेवढ्यात गल्लीत एकच गलका उठला, "नळ आला, नळ आला!" घराघरातून घागरी धावल्या. विशाखानं दारातून डोकावलं.

"आत्या, नळ आलाय!"

नागुबाई जागची हलली नाही.

"येऊ दे," ती म्हणाली. "आधी माझ्या राजाचं डोकं धुऊन व्हऊ दे."