सिंकखालचा मग

बँक हॉलिडेचा सोमवार होता. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरात मधुमतीबाई उपवासाच्या साबुदाण्याला दाण्याचं कूट लावत होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान कमलाकरराव मंडळातल्या संध्याकाळच्या भाषणाची तालीम करत होते. विषय होता बलुचिस्तानच्या डोंगरातली एक जमात. पानिपतानंतर कैदी करून नेलेल्या मराठ्यांचे वंशज तिच्यात आहेत, हे सांगताना त्यांचा आवाज चढत जाई.

"अडीचशे वर्षं, विष्णू! अजून आईला आईच म्हणतात. रक्त आहे शेवटी आपलं!"

"मग सून करून घे की," विष्णूभाऊजी हसले. "शार्दूल तर तयारच बसलाय."

कमलाकररावांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

त्या जमातीतली माहगुल ईलिंगला नर्स होती. सहा महिने ती त्यांच्या मुलाबरोबर, शार्दूलबरोबर, या घरी येत होती. आज दोघं लग्नाला होकार मागायला येणार, म्हणून मधुमतीबाईंनी सकाळपासून दोनदा घर आवरलं होतं. मुलगी त्यांना आवडली होती. पण सोवळ्याचं घर. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यासाठी निळ्या काठाचा एक मग वेगळा काढला होता. तो सिंकखाली, ब्लीचच्या बाटलीशेजारी असे. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, असं त्या धरून चालल्या होत्या.

दोघं आली. माहगुलचा चहा निळ्या काठाच्या मगातून झाला. शार्दूलने लग्नाचं काढताच कमलाकरराव म्हणाले, "ते बघू रे नंतर. आधी हिला तो हाल द्यायला सांग. विष्णू, रेकॉर्ड कर. प्रोग्रॅमला दाखवू."

पाहुण्याने आल्यावर हाल द्यायचा, ही त्या डोंगरातली रीत. कुठून आलो, वाटेत काय पाहिलं, सगळं सांगायचं. काही लपवायचं नाही. माहगुल उर्दूत सांगू लागली, शार्दूल त्याचं मराठी करू लागला.

"ती म्हणते, बकरीच्या केसाचा काळा तंबू होता आमचा. विंटरमध्ये कळप घेऊन खाली मैदानात जायचे. माझी आजी कातड्याच्या पिशवीत पाणी आणायची. दोन तास चालून."

"वा!" कमलाकरराव म्हणाले.

"ते पाणी सरदाराच्या तंबूत जायचं. आजी बाहेर थांबायची. कैद्यांची मुलं ना आम्ही. तिचा वाडगा पण वेगळा, बाहेर दोरीला बांधलेला."

"कसली माणसं ही!" विष्णूभाऊजी हळहळले.

माहगुल थांबली नाही. शार्दूल मात्र थांबला.

"अरे, बोल की पुढे. काय म्हणतेय?"

शार्दूलने तिच्यासमोरच्या मगाकडे पाहिलं. "ती म्हणते, मी लंडनला आले. इथे मला माझ्या आजीचे लोक भेटले. त्यांनी मला रक्ताची म्हटलं. आणि त्यांच्या किचनमध्ये सिंकखाली माझा वाडगा आधीच ठेवलेला होता."

विष्णूभाऊजींचा फोन हळूहळू खाली आला.

माहगुलने आपला मग उचलला, स्वतः धुतला आणि होता तिथे, ब्लीचशेजारी ठेवून दिला.

"आई, राग नाही," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "हाल खोटा नाही देत आम्ही."

"सहा महिने," शार्दूल पुटपुटला. "मी पण नाही बघितलं." तो तिच्यामागून निघून गेला.

दार लागलं तसे कमलाकरराव म्हणाले, "शेवट काढून टाक विष्णू, कळपापर्यंत ठीक आहे. मधू, साडी बदल, उशीर होतोय."

"मी येणार नाही."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"अहो, तिच्या आजीचा वाडगा सांगा आणि माझा मगही सांगा. मग येते. सोमवार आहे माझा, आज अर्धं खरं ऐकत बसवणार नाही."

ते एकटेच गेले. टाळ्याही पडल्या असतील.

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून मधुमतीबाई सिंकखाली वाकल्या. उपवास त्यांनी त्या मगातल्या पाण्यानेच सोडला. तोंडाशी नेताच ब्लीचचा वास आला. सहा महिने त्या पोरीने हा वास गिळला होता. यापुढे रोज याच मगातून प्यायचं, असा त्यांनी देवासमोर नेम धरला. शार्दूलला तीनदा फोन लावला. कुणी उचलला नाही.

सकाळी कमलाकरराव किचनमध्ये आले, तर तो मग कपांच्या रांगेत पहिला होता आणि बायको कोट चढवत होती.

"कुठे निघालीस?"

"ईलिंगला. हाल द्यायला."

"आणि दार उघडलं नाही तर?"

"तर बाहेर उभी राहून देईन," मधुमतीबाई म्हणाल्या. "तिची आजी राहायची तशी."