शटर वाजलं की आउट

मी शटर बोलतोय. धुळ्याच्या एका बाजारगल्लीतलं, रतिलाल नानांच्या कापडदुकानाचं. उद्या मला काढून काचेचं दार बसवणार आहेत. म्हणून आजच बोलून घेतो. गोड बोलणार नाही.

सहा दिवस मला कोण विचारतं? सकाळी वर ढकला, संध्याकाळी खाली ओढा, अडकलं की लाथ. माझा दिवस रविवार. बाजार बंद, रसवंतीच्या घुंगरांनाही सुट्टी. दुपारी नानांची नात पुनम विटेच्या तुकड्यानं माझ्यावर तीन रेघा ओढायची. झाले स्टंप! नियम एकच: शटर वाजलं की आउट. गल्लीतला योगराज दरवेळी म्हणायचा, "हवेनं वाजलं!"

"हवा तुझ्या डोक्यात. बॅट ठेव," पुनम सुनवायची.

पंच मी होतो. एवढा मान मला पुन्हा कुणी दिला नाही.

दुकानावरच्या घरात नाना वरणबट्टी चेपून झोपलेले. "काय रे, बठ्ठी गल्ली डोकावर लिधी!" सगळी गल्ली डोक्यावर घेतली म्हणून ओरडत एका रविवारी ते खाली उतरले आणि कापडाच्या गाठींची जुनी गोणपाटं सुतळीनं माझ्यावर आवळून बांधली. समोरच्या निंबा आबांना कौतुकानं दाखवली. आबांनी लगेच आपल्या शटरवरही बांधली. असल्या कामात मोठ्या माणसांची एकी बघावी!

मग दर रविवारी गोणपाट. चेंडू लागायचा, पण मी तोंड दाबल्यासारखा गप्प. पुनम म्हणायची लागला, योगराज म्हणायचा नाही. तिसऱ्या रविवारी भांडता भांडता त्यानं तिची बॅटच मोडली. खेळ संपला, तशी गोणपाटंही सुटली. नाना वर घोरत होते.

आता पुनम कॉलेज सोडून दुकानात बसते. नाना गिऱ्हाइकाला ऐकवतात, "आजकालना पोरे कोठे खेयतस? बठ्ठासनं डोकं मोबाइलमा!" माझ्या पट्ट्या करकरतात. अहो नाना, मोबाइल नंतर आला. आधी तुमचं गोणपाट आलं.

आणि आता नवं फर्मान: काचेचं दार बसलं की दुकान रविवारीही उघडं. पुनमला विचारलं? छे! तिला फक्त सांगितलं.

आज रविवार. दुपारी तिनं विटेचा तुकडा शोधला, माझ्यावर तीन रेघा ओढल्या आणि कापड मोजायचा गज नानांच्या हातात दिला.

"ही बॅट. वाजलं तर रविवारी दुकान बंद. नाही वाजलं तर सातही दिवस बसते, तोंड उघडणार नाही."

"मी खेयू? ह्या वयमा?"

"घाबरलात?"

नाना धोतर खोचून उभे राहिले. पुनमनं चेंडू टाकला. गज फिरला हवेत, चेंडू मधल्या रेघेवर. इतक्या वर्षांचं सगळं काढून मी वाजलो. कबुतरं उडाली. निंबा आबा दचकून ओट्यावर आले.

नाना शांतपणे म्हणाले, "हवानी वाजनं."

"हवा तुमच्या डोक्यात. बॅट ठेवा."

समोरून आबा खो खो हसले. नानांनी गज खाली ठेवला. चूक कबूल केली नाही. तेवढी अपेक्षा मी लोखंड असूनही ठेवत नाही. पण खिशातल्या दुकानाच्या किल्ल्या काढून त्यांनी पुनमच्या हातात दिल्या.

उद्या मला भंगारात न्या, तक्रार नाही. तीन रेघा मात्र पुसू नका. आणि त्या काचेला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: रविवारी बंद राहायचं.