शेवटचा अंक

फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण अंगठ्याने सरकवलं की आतली तपकिरी चकती डोळा उघडल्यासारखी दिसायची आणि सोडलं की टक्कन मिटायची — उघड, मीट, उघड, मीट... बिल्किस किती वेळ हेच करत बसली होती, तिचं तिलाच कळलं नाही. समोरच्या पडद्यावर पान अजून उतरत होतं, वरून खाली, एकेक ओळ, जणू पलीकडे बसलेलं कुणीतरी ते आत्ताच लिहीत होतं.

"बाई, अर्धा तास झाला हां," गल्ल्यामागून शिवलकर म्हणाले. तारखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत चार संगणक मांडून हा कॅफे काढला होता, आणि अजूनही ते तारेतल्यासारखे मोजकेच शब्द वापरत.

"अजून तासभर बसते, काका."

गेलं वर्षभर ती कॉलेजातले तास संपले की इथे यायची. महिला महाविद्यालयात ती आहारशास्त्र शिकवायची, एम. फिल.साठी तीन ते पाच वर्षांच्या मुलांची वजनं घेतली होती, नव्वद मुलं देवरूखकडच्या वाड्यांतली, नव्वद समुद्रकाठच्या हर्णेची. वजनं घेणं सोपं होतं. पुढे त्या आकड्यांचं काय करायचं, हे सांगणारं रत्नागिरीत कुणी नव्हतं, आणि मुंबईच्या मार्गदर्शक बाई फोनवर एवढंच म्हणायच्या, "सांख्यिकीचं तेवढं तुम्ही बघून घ्या." मग कुठून तरी शोधता शोधता हे पुस्तक सापडलं. परदेशातल्या एका निवृत्त प्राध्यापकाने इंटरनेटवर मोफत ठेवलेलं, करड्या पानावर काळी अक्षरं, एक चित्र नाही. पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की कुणीही वाचावं, फक्त उदाहरणं स्वतःच्या हाताने सोडवावीत. सरासरी, प्रमाण विचलन, दोन गटांतला फरक खरा की योगायोगाचा... सगळं ती त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याकडून शिकली. कधी कधी तो तिच्याशीच बोलतोय असं वाटायचं. 'इथे तुम्ही घाई कराल,' असं तो लिहायचा, आणि ती खरंच घाई करत असायची.

आजचं पान शेवटच्या अंकाबद्दल होतं. मोजलेल्या आकड्यांचा शेवटचा अंक कुणाच्या हातात नसतो, त्याने लिहिलं होतं. शून्यापासून नऊपर्यंत सगळे अंक तिथे जवळपास सारख्याच वेळा येतात. पण माणूस मनाने आकडे रचू लागला की शून्य आणि पाच टाळतो, ते त्याला फार गोल, फार सोयीचे वाटतात. तीन आणि सात मात्र त्याला खरे वाटतात. खाली दहा चौकटी होत्या आणि एक बटण. आणि एक ओळ — 'आधी स्वतःच्या आकड्यांवर करून पाहा.'

तिने पिशवीतून वह्या काढल्या. काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवायचा, तेव्हा दशांश चिन्हानंतरचा एकच अंक. आधी देवरूख. पेन्सिलीने रेघा मारत गेली. नऊ, दहा, आठ, नऊ, अकरा... चौकटी भरल्या, बटण दाबलं. सगळं ठीक. तिला उगाचच बरं वाटलं, तपासलेला पेपर हातात पडावा तसं.

मग हर्णे.

रेघा मारतानाच तिचा हात मंदावला. सातचा रकाना पुढे पुढे पळत होता, तीनचा त्याच्या मागोमाग. शेवटी सात चोवीस वेळा, तीन एकवीस वेळा. शून्य एकदा. पाच एकदा. तिने पुन्हा मोजलं, उलटीकडून मोजलं. बटण दाबलं. अंक सारखे पडण्यापासून किती ढळले ते सांगणारा, सोळा पूर्णांक नऊच्या आत यायला हवा होता तो आकडा अठ्ठावन्नच्या वर आला, आणि त्याच्याखाली म्हाताऱ्याने आधीच लिहून ठेवलेलं वाक्य उमटलं — 'हे आकडे बहुधा मोजलेले नाहीत. ज्यांनी ते आणले त्यांना शांतपणे विचारा.'

ज्यांनी आणले... मी आणले. मी स्वतः गेले होते. काटाही तोच होता.

काटा बिघडला असता तर देवरूखलाही बिघडला असता. आणि हर्णेचं तर तिला सगळं आठवत होतं — खालेच्या, म्हणजे मावशीच्या, घरी तीन दिवस मुक्काम, घरोघर फिरणं, अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा वास, दारात उभ्या राहून हसणाऱ्या बायका, आणि ती लायबा, काट्यावर उभी राहायलाच तयार नव्हती, तेव्हा तिला कडेवर घेऊन आपणच काट्यावर चढलो, दोघींचं वजन घेतलं आणि त्यातून आपलं वजा केलं. तेरा पूर्णांक सात. ते वजन अजून तिच्या डाव्या हातात होतं. मानेवर त्या पोरीचा गरम श्वास, केसांत खोबरेल... एवढं सगळं कुणी रचतं का?

ऑक्टोबर होता तो, दोन हजार दोनचा. त्याआधी जुलैत...

जुलैचा विचार ती करत नसे. पाचवा महिना, नवरा करीम नोकरीवर, जहाजावर, आणि इस्पितळातल्या नर्सने पाठमोरं उभं राहून काहीतरी तोललं होतं आणि कागदावर लिहिलं होतं. तो आकडा तिला कुणी सांगितला नाही. तिनेही विचारला नाही.

"काका, इथून हर्णेला फोन लागेल?"

"बूथ आहे की. लावा," शिवलकर म्हणाले आणि तिच्या तोंडाकडे पाहून त्यांनी पंख्याचा वेग वाढवला.

काचेच्या खोक्यात उकडत होतं. खालेने फोन उचलला, मागे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या. ख्यालीखुशाली झाली. मग बिल्किसने शक्य तितक्या सहज विचारलं, की मी तुमच्याकडे आले होते ना खाला, मुलांची वजनं घ्यायला, तेव्हा कुठल्या कुठल्या घरी गेले होते ते आठवतं का?

खालेने उलट तिलाच विचारलं.

"तू बरी आहेस ना गो?"

"बरी आहे. प्रबंधात लिहायचंय."

"सकाळी काटा घेऊन निघायचीस, दिवेलागणीला परत यायचीस. मी काय विचारलं नाय. पण बंदरावरनं येणाऱ्या बाया सांगायच्या, तुमची भाची मासळी वाळत घालतात तिथं बसून असते. एकटीच. वहीत लिहिते, मधीच हसते." खालेने श्वास घेतला. "मी म्हटलं, बसू दे. पोरीचं दुःख ताजं आहे, बसू दे तिला."

"आणि मुलं?"

"मुलं तिथं खेळायला येतात, नाय असं नाय. तुझ्याजवळ होती का, ते मी बघितलं नाय बाळा."

"लायबा नावाची एक... चार वर्षांची..."

"कुणाची लायबा?" खालेने विचारलं.

फोन ठेवल्यावरही ती काही वेळ त्या खोक्यातच उभी राहिली. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. मासळी खाणारी हर्णेची मुलं सव्वा किलोने जास्त भरली, हाच तिचा निष्कर्ष, आणि त्याच्या जोरावर एक संस्था जूनपासून देवरूखकडच्या अंगणवाड्यांत सुक्या मासळीची पूड द्यायचं ठरवत होती. खरी मुलं ती पूड खाणार होती. मार्गदर्शक बाईंना आत्ताच फोन करायला हवा, नव्वद ओळी काढून टाका म्हणावं... तिने रिसीव्हर पुन्हा उचलला. नव्वद नावं. सगळ्यांना नावं होती. आपण एकेकाला काढून टाकत गेलो तर लायबाची ओळ येईल, आणि मग डाव्या हातातलं हे वजन कुठे ठेवायचं? रिसीव्हर कानाशी नुसताच गुणगुणत राहिला. तिने तो परत ठेवला.

"मिळाला नंबर?" शिवलकरांनी विचारलं.

"मिळाला."

घरी, राजिवड्याकडे उतरताना दिवस मावळतीची मगरिबची अजान झाली. रस्त्यावर गर्दी होती, कुणी सलाम केला, तिने मान हलवली. ती देवरूख आठवायचा प्रयत्न करत होती. देवरूखला चार दिवस गेलो होतो, नव्वद खरी मुलं काट्यावर चढली होती, आकडे स्वच्छ होते — पण एक चेहरा डोळ्यांपुढे येईना. एक अंगण नाही, एक वास नाही. कुठल्याशा शाळेची ओली भिंत, तीही देवरूखची की आणखी कुठली... जिथे आपण खरोखर होतो तिथलं काहीच उरलं नाही. आणि हर्णेचं उंबऱ्यावरच्या खडूच्या रेघेपर्यंत सगळं शाबूत.

मग इतकी वर्षं जे जे लख्ख आठवतं म्हणून आपण जपत आलो...

कोपऱ्यावरच्या दुकानात सखू माळीण गजरे ओवत होती. तिची बोटं, दोऱ्याची गाठ, एका फुलाच्या देठावरचा मुंगीएवढा काळा ठिपका, सगळं बिल्किसला इतकं स्पष्ट दिसलं की तिने नजर फिरवली आणि पाय उचलले.

दार करीमने उघडलं. दोन आठवड्यांपूर्वी तो जहाजावरून सुट्टीवर आला होता.

"उशीर झाला," तो म्हणाला. "चहा टाकलाय. आत ये ना."

हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ होती. शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं, निळ्या. त्याच्या मागे स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत होता. एकेक गोष्ट कडेकडेने कोरल्यासारखी उभी होती.

"येते," ती म्हणाली, आणि चपलेचा पट्टा सोडवायला वाकली.

तो आला तो दिवस तिला आठवला. मंगळवार होता. रिक्षाला एकच दिवा होता, बॅगेवर विमानतळाची पिवळी पट्टी, तीवर सहा अंकी आकडा, आणि उंबरा ओलांडताना तो म्हणाला होता, घर लहान झालंय... सगळं होतं, एकही कोपरा मोकळा नव्हता. ती पट्टा धरून तशीच वाकून राहिली आणि त्या दिवसात कुठे तरी काही देवरूखसारखं पुसट सापडतंय का, ते शोधत राहिली.