पायरीपाशी मऊ राहिलेले डांबर

घरासमोरच्या नव्या डांबरी वाटेचा दिवसभर ऊन खाणारा भाग दगडासारखा टणक झाला होता; कायम सावलीत असणारा पायरीपाशीचा तुकडा मात्र अजून बोटाने दबत होता.

वाट केली होती ती आईसाठी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती गुरुवारी चाकांच्या खुर्चीतून घरी येणार होती. चाक रुतून खुर्ची कलंडली, तर जुळत आलेले हाड पुन्हा मोडले असते. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेतून अंधार पडता पडता परतणारी लेक रोज आधी त्या तुकड्यावर टाच दाबून बघे आणि मगच घरात शिरे.

"ठेकेदाराने हलका माल टाकलाय, घे त्याला फैलावर," भाऊ फोनवरून म्हणाला. फोनवरून फैलावर घेणे सोपे असते. शेजारच्या काकूंच्या मते दृष्ट लागली होती. फाटकातून आत आलेली दृष्ट सगळी वाट सोडून नेमकी पायरीपाशी का थांबावी, हे मात्र त्यांना सांगता आले नाही.

मंगळवारी लेक लवकर सुटून आली आणि तिने ठेकेदाराला बोलावले.

"ताई, सगळं एकाच गाडीतलं, एकाच रोलरखालचं," तो म्हणाला. "माल वाईट असता तर फाटकापाशीही वाईटच निघाला असता की!"

बोलणे बिनतोड होते, आणि भांडण्याइतके त्राण तिच्यात नव्हते. तो गेल्यावर ती तिथेच पायरीवर टेकली. एवढ्यात फिरून आलेले बाबा शेजारी बसले; त्यांनी बूट काढले आणि कुंडीमागून बाटली व फडके घेतले. रॉकेलचा वास आला.

"बाबा, हे काय?"

"तळाला डांबर चिकटतं. रॉकेलाशिवाय निघत नाही."

"रोज पुसता?"

"मग! तुझी आई आल्या आल्या आधी फरशी बघणार, नंतर मला." त्यांनी फडके वाटेवर पिळले.

"आणि रोज डांबर चिकटतं कशाने?"

"मऊ आहे म्हणून. त्या ठेकेदाराला सांग की दोन शब्द!"

तिला हसू आले, पण तेही अर्ध्यावरच थकले. आज चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची होती. तिने बाटली काढून घेतली. दोन दिवसांत तुकडा टणक होणे शक्य नव्हते. म्हणून तिने अडगळीतले कपाटाचे दार त्यावर आडवे टाकले, म्हणजे भार पसरेल. गुरुवारी खुर्ची त्यावरून न डगमगता पायरीपर्यंत गेली.

कारण असे: रॉकेलात डांबर विरघळते. वाट ताजी असताना बाबांच्या बुटांना डांबर लागले, ते त्यांनी पायरीवर बसून रॉकेलाने पुसले आणि फडके तिथेच पिळले. त्यामुळे तेवढा तुकडा मऊ राहिला. तो मऊ राहिला म्हणून बुटांना पुन्हा डांबर लागले, आणि बाबांनी ते पुन्हा पुसले.